मोटेचं तेल

गोदाआत्याचा आवाज मी लहानपणी कानानं ऐकला नाही, डोक्यानं ऐकला. आमच्या घरातली तरुण मंडळी हे वाचून हसतील, म्हातारीनं लिहायला घेतलं आणि पहिल्याच ओळीला घसरली म्हणतील. पण झालं ते असंच. ती मला पुढ्यात घेऊन बसायची, माझी पाठ तिच्या पोटाला लागलेली असायची, आणि माझ्या टाळूवर हनुवटी टेकवून ती बोलायची. बाकीच्या जगाचं बोलणं मला रजईतून आल्यासारखं यायचं. आत्याचं मात्र थेट आत उतरायचं. गोष्टी, जात्यावरच्या ओव्या, शेळीला घातलेल्या शिव्या, सगळं. ओवीत जिथं कुणा मैनेचं नाव असेल तिथं ती माझं, सुमीचं, नाव घालायची आणि ते नाव माझ्या कवटीत गुणगुणत राहायचं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. मला निजवताना कधीतरी हनुवटी टेकली असेल आणि मी रडायची थांबले असेन, तेवढ्यावरून तिनं ओळखलं.

आम्ही चिकलठाण्याला दोन खोल्यांत राहत होतो. आबा कारखान्यात फिटरच्या हाताखाली होते. गाव बिडकीनच्या पलीकडं, तिथली जमीन चुलत्यांनी कसायची आणि आबांनी पगार आणायचा अशी वाटणी ठरलेली. माय बाहेरच्या खोलीत दाराशी शिलाईचं मशीन घेऊन बसे. गल्लीतल्या बायकांची पोलकी आणि पोरींचे परकर शिवणं हा तिचा उद्योग. स्वयंपाक, पाणी, शेळी आणि मी, एवढं गोदाआत्याकडं. ती आबांची थोरली बहीण. सोयगावला दिली होती. लग्नाला थोडे दिवस होतात न होतात तोच नवरा साप चावून गेला. मूलबाळ नाही. आबा जाऊन तिला घेऊन आले ते परत पाठवलंच नाही. भाऊबीजेला विधवेकडून ओवाळून घेऊ नये असं गावात म्हणणारे होते. आबा दर वर्षी सकाळी आंघोळ करून पाटावर बसत आणि म्हणत, "आक्का, आण गं ताट." एवढं माझ्या बापाबद्दल आधी सांगून ठेवते, कारण पुढं जे सांगायचं आहे त्यानं तुमचं त्यांच्याबद्दल वाईट मत होईल.

माझे कान तान्हेपणापासून फुटके. थंडी पडली की सर्दी, सर्दी झाली की ठणका, आणि दोन-तीन रात्री घरादाराला जागवून झालं की कान वाहायला लागे. मग पुन्हा काही दिवस बरं, पुन्हा तेच. आत्यानं सगळं करून पाहिलं होतं. रुईचं पान तव्यावर गरम करून शेकणं, ओव्याची धुरी, करडईच्या तेलात लसणाची पाकळी कढवून त्याचे थेंब. करडईचं तेल हे आमच्याकडं औषधही होतं आणि फोडणीही. त्या तेलानं मला बरं वाटायचं, हेही खरं सांगते. ऊब कानातून मानेत उतरायची आणि झोप लागायची. पण एकेका दुखण्यागणिक ऐकणं कमी होत गेलं. शाळेत गुरुजी फळ्याकडं तोंड करून बोलले की मला काही कळायचं नाही, आणि ते वळून विचारायचे तेव्हा मी त्यांच्या मिशांकडं बघत राहायची. त्यांनी मला 'ढ' ठरवून मागं बसवलं. मागं बसल्यावर तर आनंदच.

घरातही एक सवय लागून गेली. सुमीला ऐकू येत नाही म्हणून सुमीसमोर काहीही बोललं तरी चालतं. पैशाचं, भाऊबंदकीचं, शेजारणीच्या सुनेचं, सगळं माझ्या पाठीमागं उभं राहून मोकळेपणी चालायचं. त्यात माझं काही बिघडत नव्हतं. मला फक्त मागं कुणीतरी उभं आहे एवढं फरशीतून कळायचं.

शहरातल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात कानाचा एक नवा डॉक्टर आला आहे असं कारखान्यात कुणीतरी आबांना सांगितलं. आबा मला सायकलवर पुढं दांडीवर बसवून घेऊन गेले. माय आणि आत्या मागून बसनं आल्या. डॉक्टर तरुण होता, कपाळाला गोल आरसा बांधलेला. त्यानं दोन्ही कानांत बराच वेळ पाहिलं आणि सांगितलं की पडद्याच्या मागं चिकट पाणी साठून राहतं, ते निघायला वाट नाही, म्हणून पोरीला ऐकू येत नाही आणि म्हणूनच कान सारखा पिकतो. पडद्याला बारीक भोक पाडून तिथं नळी बसवायची. ती नळी काही महिन्यांनी आपोआप गळून पडते, तोवर कान आतून कोरडा होतो. नळी म्हटल्यावर आत्याच्या डोळ्यांपुढं काय आलं देव जाणे. तिनं घाबरून माझं डोकं पदराखाली घेतलं. डॉक्टर हसला आणि त्यानं एका बाटलीतून नळी काढून तळहातावर ठेवून दाखवली. मोहरीएवढी. आत्या वाकून वाकून बघत राहिली.

"येवढ्याशा भोकातून काय ऐकू येनार हो लेकराला?" ती म्हणाली.

"आजी, सगळं ऐकू येईल," डॉक्टर म्हणाला. आत्या तेव्हा पस्तिशीचीही नसेल. विधवेला सगळेच आजी म्हणत.

ऑपरेशन दसऱ्याच्या आसपास झालं. नाकावर धरलेल्या जाळीचा गोडसर घाण वास तेवढा आठवतो. जाग आली तेव्हा तोंड कडू होतं आणि कुणीतरी माझ्या उशाशी कागद चुरगाळत होतं. कागद कुठं दिसेना. नंतर कळलं, उशीच्या खोळीवर माझेच केस घासले जात होते. मग छन्न असं काहीतरी वाजलं आणि मी दचकले. मायनं माझ्या कपाळावर हात ठेवला होता, तिच्या काचेच्या बांगड्या होत्या त्या. बांगड्या वाजतात हे मला तोवर ठाऊक नव्हतं. मला वाटायचं त्या नुसत्या दिसायला घालतात. मी मायचा हात धरून पुन्हा पुन्हा हलवला आणि माय रडायला लागली. आत्या पलीकडं उभी होती. तिच्या हातात वाजण्यासारखं काही नव्हतं. ती म्हणाली, "सुमे." मी तिच्याकडं पाहिलं आणि मग दाराकडं पाहिलं. तो आवाज तिचा वाटेना. माझ्या डोक्यातला आत्याचा आवाज भरदार होता, हंड्यात बोलल्यासारखा. हा बारीक होता, थोडा फाटलेला. कुणा दुसऱ्याच बाईचा.

लोकांना वाटतं ऐकू यायला लागलं की लेकरू आनंदानं नाचतं. मी घरी आले आणि कितीतरी दिवस कावरीबावरी होते. मायचं मशीन इतकं खडखडतं हे कळल्यावर मी आतल्या खोलीत जाऊन बसले. स्टोव्हला पंप मारला की तो भसाभस ओरडायचा. कारखान्याचा भोंगा झाला की मी आत्याच्या पायांना मिठी मारायची, आणि विमानतळावर विमान उतरायला लागलं की खाटेखाली. पूर्वी ते विमान माझ्या छातीत नुसतं थरथरायचं आणि मला आवडायचं. शेजारची नूरखाला येऊन माझ्या पाठीमागं टाळी वाजवायची, मी वळले की दोन्ही हात वर करून म्हणायची, "अल्ला, सुनती रे बच्ची! गोदाबी, सुनती!" गल्लीतल्या सगळ्यांना ती हा खेळ दाखवायची. मीही शहाणी, दर वेळी वळायची. पण हळूहळू काही आवाज आवडायला लागले. भाकरी थापताना परातीत होणारा थपथप आवाज, येसराच्या, म्हणजे भाजून दळलेल्या मसाल्याच्या पिठाच्या, आमटीला उकळी फुटली की होणारी रटरट. शेळी रवंथ करते तेव्हा आवाज होतो हे मी शोधून काढलं आणि गोठ्यात जाऊन तिच्या तोंडाला कान लावून बसायला लागले.

आत्याला माझं हे बरं होणं म्हणजे जणू तिची कमाई वाटे. ती मला दुधात शिजवलेल्या ज्वारीच्या कण्या भरवायची आणि भरवता भरवता हळू आवाजात काहीतरी पुटपुटायची, मला ऐकू येतं का बघायला. "तू बटाटा हायेस," असं पुटपुटली आणि मी "तूच बटाटा" म्हणाले तेव्हा ती हसून हसून भिंतीला टेकली. फक्त एक गोष्ट बंद झाली. हनुवटी टेकवून बोलणं. आता काय गरज? मी तिच्या पुढ्यात जाऊन बसले तर ती मला फिरवून समोर घ्यायची आणि तोंडाकडं बघून बोलायची. मला ते आवडत नव्हतं, पण कसं सांगायचं तेही कळत नव्हतं. ऐकू येत असताना पुन्हा न ऐकू आल्यासारखं कर, असं कुणी कुणाला म्हणतं का?

पथ्य एकच होतं. कानात पाण्याचा थेंब जाता कामा नये. डॉक्टरनं आबांना बजावून सांगितलं होतं, आबांनी घरी येऊन आत्याला बजावलं, आणि आत्यानं ते देवाची आण असल्यासारखं धरलं. आंघोळ गळ्याच्या खाली. डोकं ओल्या फडक्यानं पुसायचं. नळावर बायका भांडी घासत असतील तर मला तिथून उचलून आणायची, शिंतोडा उडेल म्हणून. गल्लीतल्या एका पोरानं माझ्यावर गुळणी टाकली तर आत्यानं त्याला त्याच्या घरापर्यंत पळवलं. दिवाळी जवळ आली तेव्हा माझ्या केसांचा पार झाडू झाला होता. पहिल्या आंघोळीला डोक्यावरून पाणी घ्यायला नको का? आबा विचारून आले. डॉक्टर म्हणाला, कापसाच्या बोळ्याला व्हॅसलीन लावून कानात घट्ट बसवा आणि मग न्हाऊ घाला. पण पाणी आत जायला नको. पाणी, पाणी आणि पाणी. बाकी काही घालू नका हे त्यानं सांगितलं नाही, कारण कुणी घालेल असं त्याच्या डोक्यातच आलं नसणार.

आता मोटेबद्दल सांगायला हवं. आमच्या गावच्या विहिरीवर इंजिन येण्याआधी चामड्याच्या मोटेनं पाणी ओढायचे. बैलजोडी धावेच्या उतारावरून खाली जायची आणि भरलेली मोट वर यायची. दिवसभर पाण्यात बुडणारं ते कातडं कुजू नये म्हणून आजोबा तिला तेल पाजायचे. पाजायचे हाच शब्द. आत्या लहानपणापासून त्यांच्या हाताखाली हे काम करत आलेली. आधी आतून तेल मुरवायचं, मग बाहेरून चोळायचं, मग उन्हात ठेवायचं. तेल प्यालेल्या कातड्याला पाणी शिवत नाही. हे तिला आपल्या नावाइतकं पक्कं ठाऊक होतं.

नरकचतुर्दशीच्या पहाटे अंगणात चूल पेटवून हंडा चढवला होता. मी पाटावर उकिडवी बसलेले, नाक आठवडाभर वाहत होतं, थंडीनं दात वाजत होते आणि दात वाजल्याचा आवाज मला येत होता याची गंमत वाटत होती. मायनं मला उटणं लावलं. आत्या कापसाचे बोळे करून बसली होती. व्हॅसलीनची डबी उघडली तर तळाला नुसती खरवड. आबांच्या भेगाळलेल्या टाचांनी ती केव्हाच संपवली होती.

"वन्सं, हाये तेवढं लावा की," माय म्हणाली.

"येवढ्यानं काय व्हनार? पानी जाईल आत. थांब जरा."

आत्या चुलीपाशी गेली. पळीत करडईचं तेल घेतलं, निखाऱ्यावर धरलं, स्वतःच्या मनगटावर थेंब टाकून पाहिला. मग माझं डोकं आपल्या मांडीवर आडवं घेतलं, डावा कान वर.

"मोटंला आदी आतून पाजावं लागतं," ती माझ्याशी की स्वतःशी बोलली, "मंग पानी कुटून जातंय?"

ते तेल कोमट होतं. किती ओळखीचं वाटलं ते, काय सांगू. डोळे मिटायला लागले. आणि मग अचानक घशात करडईची चव आली. मी उठून बसले.

"आत्या, मी तेल गिळलं."

"कानानं पितीस व्हय गं तेल?" आत्या हसली, माय हसली, आणि मी गिळल्याचं नाटक करून पुन्हा पुन्हा दाखवलं. तेवढ्यात आबा आतून ओरडले, "उजाडलं, आवरा की आता!" उजव्या कानात तेल घालायचं राहून गेलं. तिथं नुसता तेलात बुडवलेला बोळा गेला. डोक्यावर ऊन पाण्याचे तांबे पडले. आत्या दर तांब्याला माझे कान स्वतःच्या तळव्यांनी झाकत होती, तिच्या कोपरापर्यंत लुगडं भिजलं होतं. पाणी आत गेलं नाही. त्या बाबतीत ती शंभर टक्के पास झाली.

पाडव्याच्या संध्याकाळी मला ताप भरला. डावा कान आतून ठणकायला लागला आणि रात्री उशी ओली झाली, पिवळ्या पाण्यानं. भाऊबीजेच्या सकाळी आबा मला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेले. सणाचे दिवस, आमचा डॉक्टर गावी गेलेला. ड्युटीवरच्या डॉक्टरनं कान पुसला, कापूस नाकाशी नेला आणि आबांकडं बघून एवढंच विचारलं, "तेल कुणी घातलं?" मग नळीच्या भोकातून तेल थेट पडद्यामागं गेलं, घशापर्यंत उतरलं, असं तो बराच वेळ बोलत होता. आबा खाली मान घालून ऐकत होते. चार माणसांत कुणी त्यांना असं बोललेलं मी कधी पाहिलं नव्हतं. डावी नळी पुवाबरोबर निघून आली होती. परतताना आबांनी रिक्षात माझं डोकं वाटभर दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं.

घरी पाट मांडलेला होता, भोवती रांगोळी, आणि आत्या ताट घेऊन तयार. ताटात निरांजन लावलेलं, सुपारी, करंज्या. सकाळपासून तिनं काही खाल्लं नव्हतं, ओवाळल्याशिवाय ती खात नसे. आबा पाटाकडं न बघता आत गेले. मायनं मला खाटेवर निजवलं, भिंतीकडं तोंड करून. माझा डावा कान उशीत होता, उजवा वर. सगळे माझ्या पाठीमागं उभे होते, आणि नेहमीच्या सवयीनं मोकळेपणी बोलले.

"आक्का, कानात तेल घालाया तुला कुनी सांगितलं व्हतं?"

"पानी जाऊ नाय म्हनून घातलं रे, नामा. डाक्टर म्हनला व्हता ना, पानी नगं. मोटंला नाय का आपुन..."

"लेकरू हाये ते! मोट नाय!"

माय म्हणाली, "अहो, सनाचं राहू द्या ना." आबांचा आवाज खाली आला. ओरडताना माणूस एक बोलतो आणि आवाज खाली आणून दुसरंच बोलतो. ते दुसरंच वाईट असतं.

"सोताचं लेकरू असतं," आबा म्हणाले, "तर तुला कळलं असतं."

हे मी उजव्या कानानं स्वच्छ ऐकलं. डॉक्टरनं इतक्या कष्टानं दुरुस्त केलेला कान होता तो, एक अक्षर सुटलं नाही. मी वळले नाही. नूरखालाच्या टाळीला मी दर वेळी वळायची, पण तेव्हा वळले नाही. भिंतीवरचा चुन्याचा पोपडा बघत राहिले. मग ताट जमिनीवर ठेवल्याचा बारीक आवाज आला. आबा बाहेर निघून गेले. निरांजन फुंकायचं नसतं, म्हणून तूप संपेपर्यंत ते रिकाम्या पाटासमोर तसंच जळत राहिलं.

आत्या थोड्याच दिवसांत सोयगावला गेली. दिराचा निरोप आलाय, मळ्यात माणूस पाहिजे म्हणत्यात, असं तिनं सांगितलं. कसलाही निरोप आलेला नव्हता आणि हे घरात सगळ्यांना माहीत होतं. आबा म्हणाले, "कशाला जाती आता?" पण राहा असं म्हणाले नाहीत, आणि या दोन वाक्यांत किती अंतर आहे हे त्या दोघा भावंडांना कळत होतं. जायच्या सकाळी तिनं भाकऱ्या थापून ठेवल्या, शेळीला पाला टाकला आणि गाठोडं बांधून उंबऱ्याशी बसली. मी जाऊन तिच्या पुढ्यात शिरले, पाठ तिच्या पोटाला लावली आणि डोकं वर करून तिच्या हनुवटीखाली सारलं. मला वाटलं, आता मला पुन्हा नीट ऐकू येत नाही, तेव्हा आता ती तशी बोलेल. तिनं माझं डोकं दोन्ही हातांत धरलं, अलगद, आणि आपल्यापासून दूर केलं.

"नगं गं माय," ती म्हणाली, "दुखंल तुजा कान."

माझा कान दुखत नव्हता. मी तसं सांगितलंही. पण तिचा स्वतःच्या हातांवरचा विश्वासच उडाला होता. बस आली, ती चढली, खिडकीतून तिनं हात केला नाही. मी त्या दिवशी इतकी रडले की नूरखाला मला आपल्या घरी घेऊन गेली.

डावा कान वाहायचा थांबायला पुढचा उन्हाळा लागला. उजवी नळी डॉक्टरनं सांगितल्याप्रमाणे आपोआप गळून पडली आणि तो कान आजतागायत खणखणीत आहे. डाव्याच्या पडद्याला भोक राहिलं ते राहिलंच. एका कानावर माझं सगळं शिक्षण झालं, नोकरी झाली. जिल्हा परिषदेच्या शाळेत मी आयुष्यभर शिकवलं, आणि माझ्या डाव्या हाताच्या बाकांवरची पोरं कायम शेफारलेली असायची, कारण बाईंना तिकडचं ऐकू येत नाही हे एक तुकडी दुसरीला सांगून जायची. मी मात्र मुलांच्या पाठीमागं उभी राहून कुणाबद्दल कधी काही बोलले नाही.

पुढच्या भाऊबीजेला आबा सोयगावला गेले, लुगडं घेऊन. तिनं ओवाळलं, पुरण घातलं, परत पाठवताना पिशवीभर भुईमुगाच्या शेंगा दिल्या. त्यानंतर एकही वर्ष चुकलं नाही. आमच्या घरात माफी मागायची पद्धत नव्हती, लुगडं न्यायची होती. आबा गेले तोवर आत्याच्या पेटीत कितीतरी लुगडी साठली होती. ती तिनं नेसलीच नाहीत. लग्नकार्याला ती आमच्याकडं यायची, मुक्काम न करता परत जायची. माझ्या लग्नात तेल-हळदीच्या वेळी ती खांबाआड उभी होती. विधवा म्हणून उभी असेल असं पाहुण्यांना वाटलं. मायनं मात्र तिला सगळ्यांदेखत हाक मारली, "वन्सं, पोर तुमची हाये. पयलं तेल तुमी लावा." आत्यानं दोन्ही हात पदरात घेतले.

"माज्या हातचं तेल नगं तिला," ती म्हणाली. बायका कुजबुजल्या आणि दुसरी कुणीतरी पुढं झाली. मी मुंडावळ्या बांधून पाटावरूनच बघत राहिले. त्या दिवशी मला तिचा फार राग आला होता. आता येत नाही, आता नुसतं रडू येतं.

ती सोयगावलाच गेली. झोपेत गेली म्हणाले. आम्ही पोचलो तोवर सगळं उरकलं होतं.

हे सगळं आज लिहायला बसले त्याचं कारण वेगळंच आहे. गेल्या काही महिन्यांपासून माझ्या डाव्या कानात सूं सूं आवाज येतो. सून मला जालना रोडवरच्या एका कानाच्या डॉक्टरकडं घेऊन गेली. मुलगीच होती, माझ्या विद्यार्थिनीच्या वयाची. तिनं आत नळी-कॅमेरा घालून माझं ते जुनं भोक मला समोरच्या टीव्हीवर दाखवलं. मग कधीपासूनचं आहे विचारलं, आणि मी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच एखाद्या परक्या माणसाला ती दिवाळीची पहाट सांगितली. सुनेलाही ती माहीत नव्हती.

डॉक्टरनं सगळं ऐकून घेतलं. "तेल घालायला नको होतं, ते खरंच," ती म्हणाली. "पण आजी, तेलामुळंच झालं असं मी तरी म्हणणार नाही. तुम्हाला आठवडाभर सर्दी होती ना? नळी असलेला कान नुसत्या सर्दीनंही असाच वाहतो. तेल नसतं घातलं तरी हे झालं असतं, असं होऊ शकतं."

मी तिला पुन्हा बोलायला लावलं. नीट ऐकू आलं नाही म्हणाले. ऐकू आलं होतं. मला ते दोनदा ऐकायचं होतं, एकदा माझ्यासाठी आणि एकदा जिला ऐकवायला हवं होतं तिच्यासाठी. आबांना हे कुणी सांगितलं असतं तर? त्या ड्युटीवरच्या डॉक्टरनं नुसतं 'असं होऊ शकतं' म्हटलं असतं तरी पाट रिकामा राहिला नसता. एका बाईनं मरेपर्यंत आपले हात पदरात लपवले ते कशासाठी, हे आता कुणाला विचारू?

डॉक्टर तोवर टेबलाच्या खणातून काहीतरी काढत होती. दोन भुजांचा लोखंडी नादकाटा. शाळेच्या विज्ञानपेटीत असायचा, मी स्वतः मुलांना वाजवून दाखवलेला. तिनं तो कोपरावर आपटला आणि त्याचा दांडा माझ्या डोक्यावर टेकवला, बरोबर टाळूवर.

"कुठल्या कानात ऐकू येतंय?"

मला वाटलं मला भास होतोय. आवाज डाव्या कानात येत होता. ज्या कानाला इतकी वर्षं सगळ्यांनी गेलेला म्हटलं त्याच कानात, आत, भरदार, हंड्यात बोलल्यासारखा.

"डाव्या," मी म्हणाले.

"बरोबर. म्हणजे आतली नस चांगली आहे. कानाची वाट बंद असली तरी हाडातून गेलेला आवाज पोचतो, उलट आजारी कानातच जास्त ऐकू येतो. लहानपणीही असंच येत असणार तुम्हाला." ती कागदावर काहीतरी लिहायला लागली. सुनेनं पर्स उचलली, निघायच्या तयारीनं.

"डॉक्टर," मी म्हणाले, "पुन्हा एकदा लावता का?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग काही न विचारता काटा पुन्हा कोपरावर आपटला आणि माझ्या टाळूवर टेकवला. मी डोळे मिटून घेतले.

"आता?" थोड्या वेळानं तिनं विचारलं. "थांबला का आवाज?"

मी हातानंच तिला गप्प राहायची खूण केली. अजून येत होता.